पुराआधीची गाडी : सोलापूर जिल्ह्यात रेल्वेने माणसं हलवायची तर

सोलापूर जिल्ह्यात पूर येतो तेव्हा इथं पाऊस पडत असतोच असं नाही. भीमा फुगते ती पुण्याकडच्या घाटमाथ्यावरच्या पावसाने, उजनीतून आणि नीरेवरच्या वीर धरणातून सुटलेल्या पाण्याने. सीनेचंही तेच. वर अहिल्यानगर-धाराशिवकडे ढग फुटले की सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या प्रकल्पांतलं पाणी खाली येतं. सप्टेंबर २०२५ मध्ये ते एवढं आलं की करमाळा, माढा, मोहोळ आणि उत्तर सोलापुरातली सीनाकाठची गावं पाण्यात गेली. लांबोटीजवळ पाणी चढल्यामुळे सोलापूर-पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. असा रस्ता बंद झाला की गावातून हमखास एक सूर निघतो : "अहो, रेल्वे आहे की!"

रेल्वे आहे, आणि ती फार मोठी मदत करू शकते. पण पाणी ओसरीला लागल्यावर रेल्वेची आठवण काढून काही हाती लागत नाही. हा लेख गावात पहिल्यांदाच ही जबाबदारी अंगावर आलेल्यांसाठी आहे : नव्याने रुजू झालेले ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी, आपदा मित्रचं प्रशिक्षण नुकतंच घेतलेली मुलं, महाविद्यालयातले एनएसएसचे स्वयंसेवक, पहिल्यांदा निवडून आलेले सरपंच. नदी पात्रात असतानाच गाडी मागावी लागते. आणि गाडी मिळवणं हे या कामातलं सोपं काम आहे. खरं काम आहे ते घरापासून फलाटापर्यंतचं.

आधी ठरवा : गाडी लागणार आहे का?

बहुतेक वेळा लागत नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. सीनाकाठच्या वस्तीला पाण्याचा धोका असेल आणि कोस-दीड कोसावर उंचावर शाळा, मंगल कार्यालय किंवा मंदिराचा सभामंडप असेल, तर ट्रॅक्टर-ट्रॉली आणि एसटी पुरेशी आहे. माणसाला त्याच्या शेतापासून, जनावरांपासून जितकं कमी दूर न्याल तितकं तो लवकर ऐकतो. पन्नास माणसांसाठी रेल्वे मागू नका.

गाडीचा विचार करायचा तो तीन प्रसंगांत. एक, माणसं हजारोंच्या घरात आहेत. दोन, रस्ते तुटलेत किंवा तुटणार आहेत आणि लोहमार्ग अजून शाबूत आहे. तीन, आणि आपल्या जिल्ह्यात हाच प्रसंग सगळ्यात महत्त्वाचा : अडकलेली माणसं इथली नाहीतच, त्यांचं घर दुसरीकडे आहे.

तिसरा प्रसंग म्हणजे पंढरपूर. आषाढी-कार्तिकीला चंद्रभागेच्या वाळवंटात आणि पलीकडच्या ६५ एकराच्या तळावर लाखो वारकरी असतात. आषाढीला तर पावसाळा ऐन भरात. वरून विसर्ग वाढला तर वाळवंट मोकळं करावंच लागतं, आणि मग एवढी माणसं गावात कोंबण्यापेक्षा त्यांना आपापल्या वाटेला लावणं केव्हाही शहाणपणाचं. त्यांना निवारा केंद्र नको असतं, गावाकडे जाणारी गाडी हवी असते. मध्य रेल्वे दर वर्षी आषाढीला पंढरपूरसाठी विशेष गाड्या सोडते, म्हणजे गाड्या, माणसं आणि गर्दी हाताळायची सवय तिथं आधीच असते. फक्त त्या गाड्या वेळापत्रकाच्या आधी सोडता येतील अशी तयारी ठेवायची.

ओडिशात मे २०१९ मध्ये हेच झालं. फनी चक्रीवादळ ३ मे रोजी पुरीजवळ धडकलं. आदल्या दिवशी, २ मे रोजी, पुरीत अडकलेल्या पर्यटकांसाठी हावडा-कोलकात्याच्या दिशेने खास गाड्या सोडल्या होत्या. स्थानिकांना जवळच्या निवाऱ्यात आणि पाहुण्यांना गाडीने बाहेर, अशी ती विभागणी होती. पंढरपूरसाठी ती तशीच्या तशी उचलावी असं मला मनापासून वाटतं.

नकाशा काढा, नदीच्या अंगाने

कागदावर आधी रेल्वे काढू नका, आधी नद्या काढा. मग त्यावर लोहमार्ग टाका आणि कुठला मार्ग कुठे नदी ओलांडतो तिथे लाल खूण करा.

सोलापूरहून पुण्याकडे निघालात की बाळे, पाकणी आणि मग पाकणी-मुंढेवाडीच्या दरम्यान सीना. पुढे मोहोळ, माढा, कुर्डुवाडी करत जेऊर, पारेवाडीमार्गे भिगवणला पोचण्याआधी भीमा, म्हणजे तिथं उजनीचा फुगवटा. कुर्डुवाडीहून बार्शी-लातूरला जाताना परत सीना. कुर्डुवाडीहून पंढरपूर-मिरजेकडे जाताना पंढरपूरच्या वेशीवर भीमा. होटगीहून विजयपूरकडे जातानाही भीमा. होटगी-अक्कलकोट रोड-दुधनी हा वाडी जंक्शनकडचा मार्ग तेवढा आपल्या हद्दीत या दोन्ही मोठ्या नद्यांच्या वाटेला जात नाही.

हा नकाशा समोर ठेवला की एक गोष्ट डोळ्यात भरते. मोहोळ, माढा, कुर्डुवाडी हा पट्टा सीना आणि भीमा यांच्या मधे आहे. सीनेचा पूल बंद झाला तर सोलापूर स्थानकात उभी असलेली रिकामी गाडी या पट्ट्यातल्या माणसांच्या काहीच कामाची नाही, कारण ती नदीच्या पलीकडे आहे. मोहोळ-माढ्याची माणसं अशा वेळी सोलापूरकडे आणायची नाहीत, कुर्डुवाडीकडे न्यायची, आणि त्यासाठी रिकामी गाडी कुर्डुवाडीच्या बाजूला आधीच असली पाहिजे. जिल्ह्याचं ठिकाण सोलापूर म्हणून सगळं सोलापूरकडेच खेचायची आपल्या सगळ्यांची सवय इथं सोडावी लागते.

नकाशावर आणखी एक नोंद करा : तुमच्या गावातून जवळच्या स्थानकाकडे जाणारा रस्ता कुठल्या ओढ्यावरून जातो. नदीला पूर यायच्या आधी ओढा तुंबतो. गाव कोरडं, स्थानक कोरडं आणि मधला ओढा छातीभर, असं होतं. ओढ्यावरचा नळकांडी पूल किती पाण्याला बुडतो, हे गावातल्या कुठल्याही जुन्या माणसाला ठाऊक असतं. त्याला विचारा आणि कागदावर लिहा.

कुणाकडे मागायची

स्टेशन मास्तरकडे जाऊन "गाडी थांबवा" म्हणून वाद घालणारे कार्यकर्ते दर पुरात दिसतात. त्यांची तळमळ खरी असते, पण मास्तरच्या हातात ते नसतं. गाडी कुठे थांबेल, कुठून सुटेल, हे विभागाचा नियंत्रण कक्ष ठरवतो. आपल्या सुदैवाने मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागाचं मुख्यालय सोलापुरातच आहे आणि जिल्हाधिकारीही तिथेच. दोन्ही कार्यालयं एकाच शहरात असणं हे किती सोयीचं आहे ते इतर जिल्ह्यांना विचारा.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ प्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. म्हणून मागणी त्यांच्यामार्फत गेली पाहिजे : गावातून तहसीलदार, तहसीलदारांकडून जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष, तिथून विभागीय रेल्वे व्यवस्थापकांचं कार्यालय. जिल्ह्याच्या कक्षाचा दूरध्वनी १०७७. रेल्वेची चौकशी आणि मदत १३९ वर. तातडीला ११२ आणि रुग्णवाहिकेला १०८. हे चार आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्या, कारण मोबाइल पाण्यात गेल्यावर त्यातलं काही आठवत नाही.

स्टेशन मास्तरना मात्र माहिती जरूर द्या. रुळांवर काय चाललंय हे त्यांना तुमच्याआधी कळतं, आणि गावात काय चाललंय हे तुमच्याकडून त्यांना कळतं. पावसाळ्याआधी एकदा जाऊन ओळख करून घ्या, चहा घ्या, गावातली दोन विश्वासाची नावं आणि त्यांचे नंबर देऊन या.

मागणी एका कागदात मावली पाहिजे. किती माणसं, त्यात चालता न येणारी किती, कुठल्या स्थानकातून, कुठल्या स्थानकापर्यंत, किती वाजेपर्यंत फलाटावर हजर असतील आणि उतरल्यावर त्यांना कोण ताब्यात घेणार. शेवटच्या मुद्द्याचं उत्तर नसेल तर मागणी पाठवूच नका, कारण रेल्वेकडून पहिला प्रश्न तोच येईल. खास गाडीच मागायला हवी असंही नाही. बरेचदा नेहमीच्या मार्गावर धावणाऱ्या गाडीला तुमच्या लहान स्थानकावर जादा थांबा मिळाला तरी भागतं, आणि तो द्यायला नवीन डबे, नवीन चालक जुळवावे लागत नाहीत. आधी जादा थांबा मागा, तो पुरणार नसेल तर खास गाडी मागा.

क्षमतेचा अंदाज असावा म्हणून सांगतो. जुन्या पद्धतीच्या सर्वसाधारण डब्यात ९० जणांची बसायची सोय असते. असे १२ डबे म्हणजे हजारावर माणसं बसून जातात. तेवढ्यांना एसटीच्या २४-२५ गाड्या लागतील, आणि त्या एकामागोमाग एक चिखलातून काढाव्या लागतील. संकटात माणसं उभीही राहतात, पण मागणी करताना बसण्याचाच हिशोब धरा. उभ्याने जायची जागा ही ऐनवेळी धावत येणाऱ्या पन्नास माणसांसाठी ठेवायची असते.

कधी मागायची

यावर सगळं अवलंबून आहे, म्हणून जरा सविस्तर.

अमेरिकेत २ सप्टेंबर १९३५ रोजी फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांवर चक्रीवादळ आलं. तिथल्या छावण्यांतल्या कामगारांना काढायला मायामीहून गाडी पाठवली, पण फार उशिरा. इस्लामोराडा इथं समुद्राच्या लाटेने डबे रुळांवरून उचलून बाजूला फेकले, उभं राहिलं ते फक्त इंजिन. आपल्याकडे २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री धनुष्कोडीजवळ पांबनहून आलेली प्रवासी गाडी अशीच समुद्राने गिळली. आणि पाण्याचा धोका समुद्राकाठीच असतो असंही नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये आत्ताच्या तेलंगणातल्या वलिगोंडाजवळ पुराने रुळांखालचा भराव वाहून नेला आणि डेल्टा पॅसेंजर कोसळली. शंभरावर माणसं गेली.

म्हणून रेल्वेवाले नदीचं पाणी पुलाच्या खांबावर वाचत असतात. पावसाळ्यात एखाद्या रेल्वे पुलाखालून गेलात तर खांबाकडे नीट बघा : रंगाने आखलेली मोजपट्टी, त्यावर धोक्याच्या पातळीची ठळक रेघ आणि पूर्वी कधी पाणी सगळ्यात वर गेलं होतं त्याची खूण दिसेल. पाणी धोक्याच्या रेघेकडे सरकलं की गाड्यांचा वेग कमी होतो, पहारा बसतो, आणि त्याहून वर गेलं की वाहतूक थांबते. ती थांबवणारा माणूस तुमच्या गावाचा वैरी नाही. तो तुमच्या माणसांचा जीव वाचवतोय. तिथं दबाव आणू नका आणि कुणाला आणू देऊ नका.

यातून वेळेचं गणित निघतं. पूल बंद व्हायच्या आत गाडी निघून गेली पाहिजे. त्याआधी माणसं फलाटावर हवीत, त्याआधी ती घरातून निघालेली हवीत, आणि त्याआधी रेल्वेला डबे, इंजिन, लोको पायलट, ट्रेन मॅनेजर आणि मोकळा मार्ग जुळवायला काही तास मिळालेले हवेत. उलटं मोजत गेलात की लक्षात येईल, निर्णय आदल्या दिवशी दुपारीच घ्यायचा असतो.

दुपारी कशावरून कळणार? धरणावरून. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ती काठोकाठ भरली की वरून येणारं पाणी पोटात घ्यायला जागा उरत नाही, येईल तेवढं सोडावंच लागतं. तेव्हा उजनीचा विसर्ग, वीरचा विसर्ग आणि दौंडकडून उजनीत येणारी आवक, असे तीन आकडे दर काही तासांनी वहीत लिहा. पाटबंधारे खातं ते जाहीर करतं. आवक चढती असेल तर विसर्ग चढणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. सीनाकाठी असाल तर सीना-कोळेगावबरोबर चांदणी आणि खासापुरीचेही आकडे धरा, कारण पाणी एकत्र येऊन खाली येतं.

एक तांत्रिक गोष्ट अधिकाऱ्यांच्या बैठकीत आठवणीने विचारा. आपल्याकडचे मुख्य मार्ग आता विजेवर चालतात. वादळात तारा तुटल्या किंवा सुरक्षेसाठी वीज बंद केली तर विजेचं इंजिन जागचं हलत नाही. अशा वेळी डिझेल इंजिन कुठून येणार, हे आधी ठरलेलं असावं.

घर ते फलाट

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वे आठवते? ती आपल्याच पंढरपूर-कुर्डुवाडी-बार्शीच्या मार्गाने गेली. पहिल्या खेपेला १० वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी. पण रेल्वे पाणी लातूर स्थानकापर्यंतच आणू शकत होती. तिथून ते विहिरीत उतरवायचं, पुढे शुद्धीकरणाला न्यायचं, ही सोय माणसांना उभी करावी लागली. माणसांचंही तसंच आहे. गाडी स्थानकात येते, दारात येत नाही.

यादी हवी, आणि ती उन्हाळ्यातच व्हायला हवी. आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका यांना बरोबर घ्या. कुणाच्या घरात अंथरुणाला खिळलेला माणूस आहे, कुणाची सून दिवस भरत आलेली आहे, कोण डायलिसिसला सोलापूरला जातं, कुणाला रोज इन्सुलिन लागतं, कोण एकटं राहतं, हे त्यांच्याइतकं कुठल्याच कार्यालयाला माहीत नसतं. यादीत ऊसतोड टोळ्यांची पालं, वीटभट्टीवरची कुटुंबं, मेंढरं घेऊन आलेले धनगर हेही धरा. त्यांची नावं गावच्या मतदार यादीत नसतात आणि ते नेमके नदीकाठच्या मोकळ्या रानात उतरलेले असतात.

यादी घरांप्रमाणे करू नका, ट्रॉलीप्रमाणे करा. एका ट्रॉलीत बसणारी चार-पाच घरं, एक ट्रॅक्टरवाला, एक जबाबदार माणूस, आणि सगळ्यांचा मिळून गाडीतला एक डबा. शेजारीपाजारी एकत्र राहिले की पोरं हरवत नाहीत आणि म्हाताऱ्यांना बोलायला ओळखीचं माणूस असतं. लहान मुलांच्या मनगटाला चिठ्ठी बांधा : नाव, गाव, आईचं किंवा वडिलांचं नाव, फोन. साध्या कागदावर बॉलपेनने लिहून वर सेलोटेप गुंडाळली की पावसात टिकते. शाईपेन वापरू नका, ते फुटतं.

बरोबर काय घ्यायचं ते घरटी एका पिशवीत मावेल एवढंच सांगा. आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, सातबारा आणि औषधं प्लास्टिकच्या पिशवीत. तान्ह्या मुलाचं दूध, पाण्याची बाटली, भाकरी-चटणी, बायकांना लागणारे पॅड, एक चादर, मोबाइलचा चार्जर. गॅसची टाकी, ट्रंक, मिक्सर नाही. बायका दागिने अंगावर घालून निघतात, त्यांना ते कापडात बांधून कमरेला लावायला सांगा.

आणि आता जनावरं. या एका गोष्टीमुळे जितकी माणसं मागे राहतात तितकी दुसऱ्या कशामुळे राहत नाहीत. दारात पाणी आलेलं असतं आणि आजी गोठ्याच्या खांबाला धरून उभी असते, "म्हशीला सोडून मी कुठं जाऊ रं बाळा?" तिला अडाणी समजू नका. त्या म्हशीवर तिचं घर चालतं. दुभतं जनावर गेलं तर पुढची दोन वर्षं काय खायचं, हा प्रश्न तिच्यासमोर खरा आहे, आणि २०२५ च्या पुरात दावणीला बांधलेली जनावरं तशीच गेल्याचं तिने ऐकलेलं आहे.

प्रवासी डब्यात म्हैस चढवता येत नाही. त्यामुळे जनावरांची सोय माणसांच्या आधी करावी लागते, आणि हे वाक्य मी विचार करून लिहितोय. गाडीचा निर्णय आदल्या दुपारी होणार असेल तर जनावरं त्याच्याही आधी, सकाळीच, उंचावरच्या माळरानावर न्या. गायरान असेल तर उत्तम. चारा आणि पाण्याचं टाकं तिथं आधी पोचवा, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, आणि गावातले चार-पाच तरणे गडी राखणीला ठेवा. त्यांची नावं सगळ्या गावासमोर जाहीर करा. "तुझी म्हस अमक्याच्या ताब्यात आहे" असं नावानिशी सांगितलं की आजी ट्रॉलीत बसते. नुसतं "सरकार बघून घेईल" म्हटलं तर बसत नाही. आणि अगदीच वेळ उरला नसेल, तर दावी सोडून टाका. मोकळं जनावर पोहून, चढण शोधून वाचतं. बांधलेलं वाचत नाही.

फलाटावर आणि गाडीत

लहान स्थानकांवर फलाट बुटका असतो, काही ठिकाणी जवळपास जमिनीलगतच. तिथून डब्याची पायरी गाठायला उंच पाय टाकावा लागतो. धडधाकट माणसाला ते जाणवतही नाही, पण गुडघे धरलेल्या बाईला ती भिंत वाटते. शाळेतले बाक, लाकडी पेट्या, दोन-तीन मजबूत शिड्या स्थानकावर आधी नेऊन ठेवा. प्रत्येक दरवाज्याशी दोन माणसं, एक खाली आणि एक वर. गाडीच्या थांब्याला एरवी दोन मिनिटं असतात. अशा वेळी वीस-पंचवीस मिनिटं तरी लागतील, हे मागणीच्या कागदातच लिहा.

गाडी येण्याआधी माणसं डब्याच्या क्रमाने फलाटावर बसवून ठेवा. डबा कुठे येईल हे मास्तरांना विचारून चुन्याने खुणा करा. आजारी, गरोदर आणि म्हातारी माणसं मधल्या डब्यांत घ्या, टोकाच्या डब्यात नको, कारण लहान फलाटाबाहेर टोकाचेच डबे राहतात. रूळ ओलांडून पलीकडून चढणाऱ्यांना कडकपणे अडवा. आरपीएफचा (रेल्वे सुरक्षा दलाचा) एखादा जवान असेल तर लोक ऐकतात, नसेल तर गावातल्या शाळेचे मास्तर उभे करा. त्यांचं अजून ऐकलं जातं.

तिकिटाचा प्रश्न फलाटावर काढू नका. तो प्रशासनाने रेल्वेशी आधीच मिटवलेला असावा.

गाडी मध्येच थांबली तर काय, हे लोकांना चढतानाच सांगा. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. हजारभर प्रवासी होते. भोवती पाणीच पाणी, आणि रेल्वेकडून एकच निरोप येत राहिला : खाली उतरू नका, डब्यातच थांबा. एनडीआरएफ, नौदल, हवाई दल आणि आसपासचे गावकरी बोटी घेऊन आले आणि सगळे सुखरूप बाहेर निघाले. पुढे कल्याणहून त्यांच्यासाठी खास गाडी सोडली. डबा जड असतो, उंच असतो, छप्पर असतं. रुळाच्या कडेला मात्र पाण्याखाली खडी सरकलेली असते, भराव खचलेला असतो, आणि पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. म्हणून उतरायचं ते सांगितल्यावरच. पुलावर साखळी तर मुळीच ओढायची नाही, कारण गाडी पुलावर उभी राहण्याइतकी वाईट जागा दुसरी नाही. लाल पट्ट्यांची आपत्कालीन खिडकी कुठली ते प्रत्येक डब्यातल्या दोघांना दाखवून ठेवा.

उतरल्यावर, आणि परतताना

उतरण्याच्या स्थानकावर चढतानाची तीच यादी घेऊन माणूस उभा पाहिजे. चढले तेवढे उतरले का, हे डब्यागणिक ताडून बघायचं. मधल्या स्थानकावर नातेवाइकांकडे कुणी उतरलं असेल तर डब्याच्या जबाबदार माणसाने लगेच फोन करून कळवायचं, नाहीतर दोन दिवस त्याला शोधण्यात जातात आणि बचाव पथकाची बोट उगीच फिरत राहते.

लोक दुसऱ्याच दिवशी परत निघायची घाई करतात. त्याची दोन कारणं आहेत, एक जनावरं आणि दुसरं पंचनामा. आपण हजर नसताना पंचनामा झाला तर नुकसान लिहिलंच जाणार नाही, ही भीती अनाठायी नाही. तेव्हा ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून शिबिरातच लेखी जाहीर करून घ्या : कुठल्या वस्तीचा पंचनामा कुठल्या दिवशी. त्याप्रमाणे घरटी एक माणूस आधी पाठवा आणि जमल्यास नेहमीच्या गाडीने पाठवा. बाकीचं कुटुंब घरातला गाळ निघून, विहिरीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकून, वायरमनने वीज तपासल्यावर येईल. आधी गेलेल्यांना हातात काठी आणि पायात गमबूट घालूनच घरात शिरायला सांगा, कारण पुरानंतर साप कोरडी जागा शोधत माळ्यावर, धान्याच्या पोत्यांमागे आणि चुलीच्या वळचणीला बसलेले असतात.